गाये हलुद : बंगालमधील हळदीचा विधी

विवाहापूर्वी वधूवरांच्या अंगाला हळद लावण्याची चाल भारताच्या अनेक भागांत आढळते. गुजरातेत तिला ‘पीठी’ म्हणतात, पंजाबात ‘वटणा’, तर बंगालमध्ये ‘गाये हलुद’. ‘अंगाला हळद’ असाच या शब्दांचा अर्थ होय.

बंगालमध्ये हा विधी बहुधा विवाहाच्याच दिवशी सकाळी होतो. प्रथम वराला हळद लावतात. उरलेली हळद वधूच्या घरी पाठविली जाते व तीच तिच्या अंगाला लागते. महाराष्ट्रातील ‘उष्टी हळद’ याच प्रकारची आहे. हळदीबरोबर वरपक्षाकडून ‘तत्त्व’, म्हणजे भेटवस्तूंची तबके जातात. त्यांत साड्या, मिठाई व प्रसाधनाचे साहित्य असते. शिवाय वधूप्रमाणे सजविलेला एक मोठा रोहू मासाही असतो. मासा हे तेथे समृद्धीचे व संततीचे चिन्ह मानले जाते.

या विधीत पुरोहिताला विशेष स्थान नाही. विवाहातील वैदिक कर्मे पुरोहित करवितो. परंतु त्यांच्या आगेमागे घडणारे अनेक आचार स्त्रियांच्या स्वाधीन असतात. त्यांना ‘स्त्रीआचार’ असे म्हणतात. गाये हलुद त्यांपैकीच एक होय. हळद वाटणे, ती लावणे, उलुध्वनी करणे व शंख फुंकणे ही सर्व कामे ‘एयो’, म्हणजे सुवासिनी, करतात.

याच ठिकाणी या मंगल विधीची दुसरी बाजू दृष्टीस पडते. हळद हे सौभाग्याचे चिन्ह ठरल्यामुळे विधवा स्त्रीला तिला स्पर्श करता येत नसे. जिने मुलीला एकटीने वाढविले, त्या मातेलाही त्या सकाळी दूर उभे राहावे लागे. ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांनी 1856 साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. परंतु घराच्या अंगणातील हा निषेध कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

आज काही कुटुंबांत विधवा माताही कन्येला हळद लावते. या बदलाला धर्मग्रंथाची आडकाठी येण्याचे कारण नाही. कारण हळद हा मुळात लोकाचार आहे. विवाहाची कायदेशीर पूर्तताही तिच्यावर अवलंबून नाही. जो आचार स्त्रियांनी जपला, त्यातील उणीव दूर करणे हेही त्यांच्याच हाती आहे.