पालुपद : निरर्थक की वाक्यपूरक?

बोलताना एकच शब्द वारंवार उच्चारण्याच्या सवयीला भारतीय भाषांनी दिलेली नावे उद्बोधक आहेत. मराठीत ते 'पालुपद', म्हणजे मुळात गीताचे ध्रुपद. हिंदी-उर्दूत 'तकियाकलाम', म्हणजे बोलण्याने टेकावे असा लोड. बंगालीत 'मुद्रादोष'. एकाच सवयीकडे पुनरावृत्ती, आधार आणि दोष अशा तीन दृष्टींनी पाहिले गेले आहे. सुशिक्षित श्रोता बहुधा तिसरी दृष्टी स्वीकारतो. ती कितपत पुरेशी आहे, हे येथे तपासावयाचे आहे.

प्रश्न जुनाच आहे. यास्काने 'निरुक्ता'त निपातांचा एक वर्ग पूरणार्थक मानला. असे निपात गद्यात वाक्य भरून काढतात आणि पद्यात चरण. अमरकोशाने 'तु', 'हि', 'च', 'स्म', 'ह', 'वै' हे शब्द पादपूरणार्थ नोंदविले. पुढे मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त केवळ पादपूरणासाठी योजलेल्या पदावर 'निरर्थक' हा दोष ठेवला. परंतु पादपूरण ही छंदाची निकड होय. रोजच्या बोलण्याला छंद नसतो. तरीही तेथे पूरक शब्द येतातच. कारण बोलणाऱ्याला विचार आणि उच्चार एकाच वेळी करावे लागतात. मधली पोकळी शब्दाने भरली नाही, तर आपले बोलणे संपले असा श्रोत्याचा समज होतो.

ही पोकळी कोणत्या शब्दाने भरावयाची, हे मात्र भाषेगणिक ठरते. मराठीतील 'म्हणजे' हा शब्द 'म्हण्' या धातूशी निगडित आहे. तेलुगूतील 'अंटे' आणि कन्नडमधील 'अंदरे' हेही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदांपासून आलेले असून 'असे म्हटले तर' हा त्यांचा मूळ भाव होय. उलट हिंदीतील 'मतलब' व बंगालीतील 'माने' यांचा आधार 'अर्थ' या कल्पनेचा आहे. बोलणे अडखळले असता हिंदी व बंगाली भाषक अर्थाचा हवाला देतो. मराठी भाषक दक्षिणेकडील शेजाऱ्यांप्रमाणे उक्तीचा हवाला देतो.

'आपलं' या शब्दाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. 'सहज आपलं आलो' या वाक्यात तो येण्यामागील हेतूचे वजन कमी करतो आणि यजमानाला संकोचातून सोडवितो. 'मंगळवारी, हे आपलं, बुधवारी या' येथे तोच शब्द स्वतःची चूक दुरुस्त होत असल्याची खूण ठरतो. 'म्हटलं, जरा भेटून यावं' यातील 'म्हटलं' मनातल्या विचाराला उच्चारित वाक्याचे रूप देऊन विनंती सौम्य करते. या शब्दांना निरर्थक म्हणणे कठीण आहे.

मग पालुपदे त्रासदायक का वाटतात? अर्थ संपला म्हणून नव्हे, तर तो शिल्लक राहिला म्हणून. प्रत्येक वाक्यानंतर 'समजलं का?' असे विचारणारा वक्ता उत्तरासाठी थांबत नाही. श्रोत्याला प्रश्न विचारला जातो आणि उत्तराचा अधिकार मात्र नाकारला जातो. 'खरं सांगायचं तर' हे दहादा ऐकल्यावर उरलेल्या विधानांच्या खरेपणाविषयीच शंका येऊ लागते. शब्द पूर्णतः अर्थहीन झाले असते, तर कानाने ते श्वासासारखे सोडून दिले असते.

ललित लेखकाला हे मर्म ठाऊक असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील (१९६२) हरितात्यांचा पुराव्याविषयीचा आग्रह हे निव्वळ पालुपद नाही. इतिहास वर्तमानात जगणाऱ्या माणसाची ती श्रद्धा आहे. ते पालुपद काढून टाकल्यास व्यक्तिरेखाच ढासळेल.

म्हणून अनुवादक आणि मौखिक साहित्याचे संकलक यांची जबाबदारी वाढते. ध्वनिमुद्रित कथन कागदावर उतरविताना 'म्हणजे', 'आपलं', 'बरं का' हे शब्द गाळले, तर मजकूर स्वच्छ होतो आणि वाक्यांचा अर्थही बहुतेक टिकतो. पण सांगणारा कोणाला सांगत होता, हे नाहीसे होते. सांगणारा हयात नसेल, तर ते पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरत नाही. अशा शब्दांवर लेखणी फिरविण्यापूर्वी यास्काचा वर्ग आठवावा आणि मम्मटाचा दोष मागाहून.