लोकनेते दि. बा. पाटील

मुंबई बंदराच्या पूर्वेस, खाडीपलीकडे उरण तालुका आहे. लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले घारापुरीचे बेट याच तालुक्यात मोडते. आज येथे मोठे बंदर आहे, रुंद रस्ते आहेत आणि मालाने भरलेल्या वाहनांची रात्रंदिवस वर्दळ आहे. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी येथील देखावा निराळा होता. तेव्हा येथे दूरवर भाताची खाचरे आणि पांढरीशुभ्र मिठागरे दिसत.

ही शेते सहजासहजी तयार झालेली नव्हती. येथील आगरी शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडविले आणि समुद्राच्या तोंडातून ही जमीन मिळविली. एखादा बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरे आणि पीक नाहीसे होई. मग सारा गाव टोपल्या घेऊन बांध बांधावयास धावे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या घामाने राखलेली अशी जमीन जेव्हा हातची जाण्याची वेळ आली, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने एक पुरुष उभा राहिला. त्यांचे नाव दिनकर बाळू पाटील. लोक त्यांना प्रेमाने 'दिबा' म्हणत.

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई या गावी झाला. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. याच जिल्ह्याला आज आपण रायगड म्हणतो. अन्यायाशी झुंज घेण्याची परंपरा या मातीत होतीच. दिबा अवघे चार वर्षांचे असताना, २५ सप्टेंबर १९३० रोजी, जवळच्याच चिरनेर येथे जंगल सत्याग्रह झाला आणि इंग्रज सरकारच्या पोलिसांच्या गोळीबारात सत्याग्रही धारातीर्थी पडले. पुढे १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावी शेतकऱ्यांनी खोतांच्या जुलमाविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली हा संप अनेक वर्षे चालला. उपासमार सोसूनही शेतकरी मागे हटले नाहीत. अशा वातावरणात दिबा लहानाचे मोठे झाले.

त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले व ते वकील झाले. वकिली करून सुखाने संसार करणे त्यांना अवघड नव्हते. पण कोर्टाच्या पायऱ्या झिजविणाऱ्या गरीब शेतकऱ्याची असहाय स्थिती ते रोज पाहत होते. कागदावर काय लिहिले आहे हे न कळल्यामुळे माणसे कशी नाडली जातात, हे त्यांना उमगले. त्यांनी शेतकरी कामगार पक्षाचे काम अंगावर घेतले.

१९५७ साली निवडणुका झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने तेव्हा सारा मुलूख पेटून उठला होता. त्या निवडणुकीत पनवेल मतदारसंघातून दिबा विधानसभेवर निवडून आले. त्यांचे वय होते अवघे एकतीस वर्षांचे. त्यानंतर १९६२, १९६७, १९७२ आणि १९८० या वर्षीही पनवेलच्या जनतेने त्यांनाच निवडून दिले. १९७७ आणि १९८४ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. असे पाच वेळा आमदार आणि दोन वेळा खासदार होण्याचा मान त्यांना मिळाला.

१९७२ नंतर ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. मुलांनो, लोकशाहीत सरकार चालविणाऱ्यांइतकेच सरकारला प्रश्न विचारणारेही आवश्यक असतात. हिशेब विचारणारा कोणी नसेल, तर चांगला कारभारीही बेफिकीर होतो. विरोधी नेत्याच्या हाती खजिना नसतो आणि अधिकारही नसतात. त्याचे बळ म्हणजे त्याचा अभ्यास आणि त्याचे शब्द. दिबांनी हे बळ गोरगरिबांसाठी वापरले. १९७५ साली देशात आणीबाणी आली, तेव्हा त्यांना तुरुंगवासही पत्करावा लागला.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कसोटी मात्र त्यांच्या घराच्या अंगणातच झाली. मुंबईतील गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असे शासनाने ठरविले. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी 'सिडको' या संस्थेची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील पंचाण्णव गावांची जमीन या कामी घेण्याचे ठरले. पुढे न्हावा-शेवा येथे मोठे बंदर बांधण्याची योजनाही आली.

शहर हवे होते, बंदरही हवे होते. देशाच्या प्रगतीला दिबांचा विरोध नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता. ज्याच्या जमिनीवर हे शहर उभे राहणार, त्या शेतकऱ्याने कोठे जावे? जमिनीचे पैसे एकदाच मिळतात आणि लवकरच संपतात. जमीन मात्र मुला-नातवंडांना पोसते. म्हणून शेतकऱ्याला योग्य मोबदला मिळावा आणि त्याच्या जमिनीवर जी समृद्धी पिकेल तीत त्याचाही वाटा असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

जानेवारी १९८४ मध्ये हा लढा टोकाला गेला. गावोगावचे स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. १६ जानेवारीला जासईच्या परिसरात आणि दुसऱ्या दिवशी नवघरच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. नामदेव शंकर घरत, रघुनाथ अर्जुन ठाकूर, कमलाकर कृष्णा तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील हे पाच शेतकरी हुतात्मे झाले. ज्या जासईत दिबांचा जन्म झाला, त्याच जासईच्या भूमीवर रक्त सांडले. आजही दर वर्षी जानेवारीत तेथील लोक या हुतात्म्यांना अभिवादन करतात.

हे बलिदान वाया गेले नाही. पुढे शासनाने एक नवे तत्त्व मान्य केले. शेतकऱ्याची जेवढी जमीन घेतली असेल, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड त्याला परत द्यावयाचा, असे ते तत्त्व होते. हिशेब करून पाहा. एका एकरात चाळीस गुंठे असतात. चाळीस गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी काही भाग वगळला जाई. हा वाटा लहान दिसतो खरा, पण रस्ते, पाणी व वीज आलेल्या त्या तुकड्यामुळे जमीन गमावलेला शेतकरी नव्या शहराचा भागीदार ठरला. कित्येक कुटुंबांना या भूखंडांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, हेही खरे. तरीही एक पायंडा पडला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जमीन घेतली गेली, तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्क्यांपर्यंत वाढला.

२४ जून २०१३ रोजी दिबांचे निधन झाले. लोक मात्र त्यांना विसरले नाहीत. नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे, यासाठी २०२१ साली हजारो भूमिपुत्रांनी आंदोलन केले. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले.

निवडून आलेला माणूस मोठा कशाने होतो? पदाने की सत्तेने? दिबांनी आयुष्याची बरीच वर्षे सत्तेच्या समोरच्या बाकावर काढली. पण ज्यांनी त्यांना विधानसभेत पाठविले, त्यांचे दुःख ते तेथे विसरले नाहीत. सभागृहात ते कायद्याच्या भाषेत बोलले आणि प्रसंग येताच त्याच लोकांबरोबर रस्त्यावर उभे राहिले. लोकांनी दिलेली 'लोकनेते' ही पदवी त्यांनी अशा रीतीने सार्थ केली.

स्वाध्याय

१. उरणच्या शेतकऱ्यांना आपली जमीन इतकी मोलाची का वाटे?
२. लोकशाहीत विरोधी पक्षाचे काम कोणते, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. एखाद्या शेतकऱ्याची दोन एकर जमीन घेतली, तर साडेबारा टक्क्यांप्रमाणे त्याच्या वाट्याला किती गुंठे येतील?
४. तुमच्या गावाजवळ धरण, रस्ता किंवा कारखाना झाला असल्यास, त्यासाठी जमीन देणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे वडीलधाऱ्यांना विचारा व दहा ओळी लिहा.