टॅरोचा नक्षीदार कॅट नाशकात कितीला पडतो?

कॉलेज रोडच्या भेटवस्तूंच्या दुकानांत टॅरोचे कॅट हल्ली सहज दिसतात. भविष्य बाजूला ठेवून निव्वळ चित्रांसाठी घेणारेही बरेच असतात. त्यांचा ओढा जुन्या इंग्रजी धाटणीकडे असतो: वेलबुट्टीची चौकट, झग्याच्या चुण्या, ठसठशीत काळी रेषा. ही धाटणी घडवणाऱ्यांपैकी एक वॉल्टर क्रेन (1845–1915). मुलांच्या पुस्तकांसाठी त्याने काढलेली चित्रं एडमंड इव्हान्स लाकडी ठशांवरून रंगीत छापत असे. क्रेन 1906-07 च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातही येऊन गेला होता. त्याच्या शैलीवरून इटलीच्या लो स्काराबिओने ‘हार्मोनियस टॅरो’ काढला. तो दरवेळी मिळेलच असं नाही, पण त्याच वळणाचे इतर कॅट मिळतात.

अस्सल परदेशी कॅटची छापील किंमत साधारण 25 ते 30 डॉलर असते. म्हणजे आपल्याकडे आयातदाराचा नफा धरून दोन ते तीन हजार रुपये मोजायची तयारी ठेवा. परदेशातल्या भाच्याला ‘गिफ्ट म्हणून पाठव, ड्युटी लागत नाही’ असं सांगणार असाल, तर थांबा. डिसेंबर 2019 पासून राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून बाकी भेटवस्तूंची ती सवलत गेली. कुरिअरवाला ड्युटी तर घेतोच, वर स्वतःचा हाताळणी आकारही लावतो.

मग तोच कॅट ऑनलाइन तीनशे-चारशेत कसा मिळतो? तो बहुधा नकली असतो. छापलेले पत्ते स्कॅन करून पुन्हा छापले की बारीक रेषा फुगते आणि सावल्या काळवंडतात. चौकट तर हमखास एका बाजूला सरकते. माहितीपुस्तिकेच्या जागी डब्यावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. साध्या चित्राचा कॅट असता तर एक वेळ चाललं असतं, पण इथे पैसे मोजायचे ते नक्षीचेच. त्यामुळे नक्कल तीनशेतही महागच पडते. दुकानात डबा हातात घेतलात की एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि मूळ देश छापलाय का ते बघा. पत्ते 78 असायला हवेत: 22 मोठे, 56 छोटे.

तिसरा मार्ग मला जास्त आवडतो, तो म्हणजे इथेच छापून घेणं. ज्या गावात नोटा आणि टपाल तिकिटं छापली जातात, तिथे 78 पत्ते छापणं काही अवघड नाही. चित्रं कुठली घ्यायची? लंडनच्या रायडर कंपनीने 1909 साली काढलेला कॅट पामेला कोलमन स्मिथने चितारला. ती 1951 मध्ये वारली. आपल्याकडे स्वामित्वहक्क मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो, म्हणजे मूळ चित्रं 2011 अखेरीस मोकळी झाली. क्रेनची चित्रं तर त्याच्या कितीतरी आधी. मात्र ‘हार्मोनियस’सारखा आजच्या चित्रकाराने केलेला कॅट किंवा नव्याने रंगवलेली आवृत्ती छापू नका.

मेनरोड-शालिमार भागात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे 12 बाय 18 इंची डिजिटल शीट मागा. 70 बाय 120 मिलिमीटरचे 12 पत्ते एका शीटवर बसतात, म्हणजे एका कॅटला सात शीट. 300 जीएसएमच्या आर्ट कार्डवर दोन्ही बाजू छापायला शीटमागे 50 रुपये धरले तर 350 झाले. मॅट लॅमिनेशनचे साधारण दीडशे, कटिंग आणि गोल कोपरे दोनशे, साधी डबी शंभर. एकूण आठशे ते हजार. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून भाव विचारताना ‘लॅमिनेशन-कटिंगसह’ हे शब्द आधी उच्चारा, नाहीतर कोपऱ्यांचे पैसे बिलाच्या वेळी निघतात.

दोन्ही बाजू छापताना मशीन मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, आणि नक्षीदार चौकटीत ते लगेच डोळ्यात भरतं. म्हणून कडेला तीन मिलिमीटर पांढरी जागा सोडा. पाठीची नक्षी वर-खाली सारखीच ठेवा, नाहीतर उलटा पत्ता पाठीवरूनच ओळखू येईल. ग्लॉसी लॅमिनेशन टाळा, पत्ते पिसताना चिकटतात. सगळे छापण्याआधी एक शीट काढून, दुमडून बघा. घडीवर रंग उडाला तर कागद बदला.

हजारांहून जास्त खर्च करायची तयारी असेल तर सावंतवाडीच्या हाताने रंगवलेल्या गंजिफ्याकडेही बघा. टॅरोशी त्याचा संबंध नाही. दशावतारी संचात 120 गोल पत्ते असतात, आणि त्यातली नक्षी छापील नाही.

ऑनलाइन मागवलेला ‘ओरिजिनल’ नकली निघाला तर डबा उघडतानाचा व्हिडिओ आणि बिल जपून ठेवा. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही.