इमारतीच्या दर्शनी भागाची जाळी : मापे वाचा, मग काम घ्या

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची रोजी वेल्डिंग व फॅब्रिकेशनच्या कामावर चालते. खिडकीची ग्रील, जिन्याचा कठडा, गेट ही कामे आपल्या कारागिरांच्या हातात बसलेली आहेत. आता शोरूम, दवाखाने, शाळा व कार्यालये यांच्या दर्शनी भागावर, म्हणजे बोलीभाषेत एलिव्हेशनवर, एक्सपांडेड जाळीचा पडदा उभारण्याचे कामही निघू लागले आहे. असे काम आले की पुष्कळदा ठेका दुसऱ्याचा आणि आपला कारागीर त्याच्याकडे रोजंदारीवर, असा प्रकार होतो. आमच्या मते यात हाताच्या कौशल्याची उणीव नाही. जाळीची मापे वाचून हिशेब मांडता न येणे हीच खरी अडचण आहे. म्हणून या लेखात तेवढाच विषय घेत आहोत.

ही कला आपल्याला परकी नाही. अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी १६ व्या शतकातील आहे. बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवरी जाळी आहे. उजेड व हवा आत घ्यावी, ऊन व परकी नजर बाहेर ठेवावी, हेच जाळीचे काम. दगडाच्या जागी धातू आला, इतकाच फरक.

जाळी कशी बनते?

एक्सपांडेड जाळी विणलेली नसते आणि तिला जोडही नसतो. अखंड पत्र्याला यंत्राने चिरा पाडून त्याच वेळी तो ताणला जातो, त्यामुळे शंकरपाळ्यासारखी भोके तयार होतात. जॉन फ्रेंच गोल्डिंग यांनी १८८४ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. भोके पाडताना पत्रा कापून फेकावा लागत नाही, म्हणून माल जवळजवळ वाया जात नाही. शिवाय जाळी कापली तरी विणीप्रमाणे उसवत नाही.

चार मापे

जाळी मागवताना चार मापे लिहून द्यावीत. पहिले, भोकाचे आडवे लांब माप (एल.डब्ल्यू.एम.). दुसरे, उभे लहान माप (एस.डब्ल्यू.एम.). ही दोन्ही मापे सांध्याच्या मध्यापासून पुढच्या सांध्याच्या मध्यापर्यंत घेतात. तिसरे, पट्टीची रुंदी. चौथे, पत्र्याची जाडी. याखेरीज जाळी उठावाची हवी की दाबून सपाट केलेली, तेही लिहावे. केवळ ‘हेवी जाळी’ किंवा ‘मीडियम जाळी’ एवढ्यावर सौदा करू नये.

उघडा भाग व वजन

समजा लहान माप ४० मि.मी., पट्टी ६ मि.मी. आणि जाडी ३ मि.मी. आहे. पट्टीच्या रुंदीची दुप्पट, म्हणजे १२, लहान मापातून वजा केली की २८ उरतात. २८ ला ४० ने भागले की ०.७० येतात. म्हणजे समोरून पाहता सुमारे ७० टक्के भाग उघडा आहे. ग्राहकाला सावली अधिक हवी असेल तर रुंद पट्टीची किंवा लहान भोकाची जाळी सुचवावी.

आता वजन. पट्टीच्या रुंदीची दुप्पट गुणिले जाडी, भागिले लहान माप : १२ गुणिले ३ म्हणजे ३६, भागिले ४० म्हणजे ०.९. याला लोखंडासाठी ७.८५ ने गुणावे. चौरस मीटरला सुमारे ७ किलो वजन येते. अ‍ॅल्युमिनियमसाठी २.७ ने गुणावे, म्हणजे सुमारे २.४ किलो. रंगाचे व जस्ताच्या थराचे वजन यावर वेगळे.

हा हिशेब का महत्त्वाचा? ३ मि.मी. सांगून २.५ मि.मी.चा माल दिला तर डोळ्यांना सहज कळत नाही, पण वजन चौरस मीटरला ५.९ किलोच भरते. १०० चौरस मीटरच्या कामात जवळपास ११८ किलो लोखंड कमी जाते. म्हणून माल उतरवताना एक पत्रा मोजून काट्यावर घालावा. आणि हाच नियम आपण ग्राहकाला माल देताना स्वतःलाही लावावा. माप-तोलात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा आपल्याला ठाऊक आहे. जाडीची चोरी ही मापाचीच चोरी होय.

जाळीला दिशा असते

उठावाच्या जाळीतील पट्ट्या तिरप्या असतात. लांब माप आडवे ठेवून जाळी लावली की त्या झडपेच्या पात्यांप्रमाणे काम करतात. उतार बाहेरच्या बाजूला खाली असेल तर वरचे ऊन व पावसाचे पाणी अडते आणि आतून रस्ता दिसतो. पण रस्त्यावरच्या माणसालाही त्याच वाटेने वर आतले दिसते. जाळी उलटी लावली तर खालून आत दिसणे कमी होते, मात्र ऊन जास्त येते. घराचे काम असेल तर पडद्याची गरज आधी विचारून मगच दिशा ठरवावी. रात्री आत दिवा लागला की बाहेरून अधिक दिसते, याचीही कल्पना ग्राहकाला द्यावी. पश्चिमेचे सायंकाळचे ऊन समोरून येते. ते आडव्या पट्ट्यांनी फारसे अडत नाही. तेथे उघडा भाग कमी ठेवावा.

सर्व पत्रे एकाच दिशेने लावणे हेही आवश्यक. एखादा पत्रा उलटा लागला तर संपूर्ण भिंतीवर तो ठिगळासारखा दिसतो. पत्रे कापतानाच प्रत्येकावर खडूने बाण काढावा.

चौकट व गंज

जाळी लांब मापाच्या दिशेने अधिक ताठ असते. म्हणून लांब माप आडवे असेल तर आधाराचे खांब उभे असावेत. कापलेल्या कडा धारदार असतात. त्या अँगल किंवा चॅनेलच्या चौकटीत बंद कराव्यात. जी.आय. जाळीला वेल्डिंग केले की तेथील जस्त जळते आणि गंज तेथूनच सुरू होतो. शक्य असल्यास चौकट पूर्ण झाल्यावर गॅल्व्हनायझिंग करावे, मात्र पातळ जाळी उष्णतेने वाकू शकते हे लक्षात ठेवावे. कोकण किनाऱ्यावर अ‍ॅल्युमिनियम व लोखंड एकमेकांना थेट टेकवू नये. मध्ये रबर किंवा नायलॉनचा वॉशर घालावा. ३ मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने सुमारे ३ मि.मी. लांबतो, म्हणून बोल्टची भोके लांबट ठेवावीत. भिंत व जाळी यांमध्ये सफाईसाठी माणूस जाईल इतकी जागा असावी आणि आगीच्या वेळी बाहेर पडता यावे म्हणून खिडकीसमोरचा भाग उघडणारा करावा.

साध्या मालाची किंमत

न्यूयॉर्कमध्ये २००७ साली उघडलेल्या न्यू म्युझियमच्या इमारतीला जपानी वास्तुशिल्पी काझुयो सेजिमा व र्‍यूए निशिझावा यांनी अ‍ॅल्युमिनियमची एक्सपांडेड जाळीच वेढली आहे. आपल्याकडे कुंपणाला व यंत्रांच्या झाकणाला वापरतात त्याच जातीचा हा माल आहे. योजना नीट असेल तर साध्या जाळीलाही मान मिळतो.

यापुढे कोटेशन देताना एका ओळीत केवळ चौरस फुटाचा दर लिहू नका. चार मापे, धातू, चौरस मीटरचे वजन, जाळीची दिशा, चौकट व रंग हे सारे लिहा आणि एक हात लांबीचा नमुना सोबत न्या. ग्राहकाला समोर मजूर नव्हे, जाणकार कारागीर दिसेल. इन्शाअल्लाह, हलाल रोजीत बरकतही होईल आणि आपली मुले हा धंदा अभिमानाने पुढे नेतील.