सौम्य गाठीतील कर्करोग

अंडाशयातील द्रवयुक्त गाठी बहुतांशी सौम्य असतात. पुष्कळशा आपोआप विरूनही जातात. डर्मॉइड नावाची गाठ मात्र विरत नाही. ती बीजपेशीपासून बनते. म्हणून तिच्यात केस, स्निग्ध पदार्थ, क्वचित दातही आढळतात. अशा १०० गाठींपैकी सुमारे १ ते २ गाठींतच कर्करोग उद्भवतो. बहुधा तो गाठीच्या त्वचेसदृश अस्तरातील चपट्या पेशींत सुरू होतो. वय ४५ च्या पुढे असणे, गाठ १० सेंटिमीटरांहून मोठी असणे आणि ती झपाट्याने वाढणे, ही धोक्याची लक्षणे होत. रोग गाठीच्या आतच असताना ती न फुटता काढता आली, तर रुग्ण बरी होण्याची आशा पुष्कळ असते. तो उदरात पसरल्यावर उपचार दुष्कर होतात. म्हणूनच वेदना नसली, तरी अशा गाठीची वेळोवेळी तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते.