हत्तीला साइड द्यायची

मन्या, बंदुकीचं आधी मिटवून टाकतो. आफ्रिकेत जाऊन एखादं मोठं जनावर पाडायचं आणि गाइडचे पैसे वाचवायचे, असं तुझ्या त्या मित्राने डोक्यात भरवलंय ना, ते काढून टाक. केनियात शिकार 1977 पासून बंद आहे. दक्षिण आफ्रिकेत चालते, पण बाहेरून आलेल्या माणसाबरोबर तिथला परवानावाला शिकारी असावाच लागतो. म्हणजे पैसे वाचायचे नाहीतच, वर एक मुडदा नावावर.

वाटाड्याशिवाय मोठी जनावरं बघायची असतील, तर मात्र तिथल्याच क्रुगर राष्ट्रीय उद्यानात जा. आमची सुमी जोहान्सबर्गला नोकरीला होती तोवर मी चारदा जाऊन आलो. ताडोबात जिप्सी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, गाइड त्यांचा. आपण फक्त मान वळवायची. क्रुगरला फाटकावर नोंद करायची, पैसे भरायचे आणि भाड्याची साधी कार घेऊन आत शिरायचं. जंगल जवळजवळ साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तोही त्यात मावून उरेल. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही.

मे ते सप्टेंबर या महिन्यांत जा. तो तिथला हिवाळा, पाऊस नसतो. गवत वाळून बसतं, पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि जनावर तिथे येतंच. पहाटे मात्र बोटं गारठतात; आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून नुसते टी-शर्ट नेऊ नकोस. मुक्काम महिनोन्‌महिने आधी भरतात, म्हणून तिकिटाच्या आधी खोली बघ. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार. आणि नैरोबीत मुक्काम करत जाणार असशील, तर पीतज्वराची लस निदान 10 दिवस आधी टोचून तो पिवळा दाखला पासपोर्टात ठेव. नाहीतर जाताना तिथले अडवतील आणि येताना आपले.

आता गाडी. डांबरी रस्त्यावर 50ची मर्यादा, मातीच्या रस्त्यावर 40ची. तू दोन्हीकडे 25ने चालव. मी एसटीत 31 वर्षं वेळापत्रकामागे पळालो, त्यामुळे पहिल्या खेपेला मीही 50ने हाणली आणि दिवसभरात इम्पाला सोडून काही दिसलं नाही. इम्पाला म्हणजे तिथलं चितळच समज, पावलागणिक. दुसऱ्या दिवशी सुमी म्हणाली, "बाबा, इथे कंट्रोलर नाहीये." मग वेग उतरवला आणि सगळं दिसायला लागलं. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी दोन काळी पिल्लं बसली होती, तरसाची. मोऱ्यांमध्ये तरस घरं करतात. मोरी आली की काच खाली घेऊन बघायचं, ही सवय तेव्हापासूनची.

गाइड नसला की गाइडचं काम जनावरांकडूनच करून घ्यायचं. जिराफ एकाच दिशेला टक लावून उभा असेल, चरत नसेल, तर त्याच्या नजरेच्या टोकाला सिंह शोध. उंचावरून त्याला जे दिसतं ते तुला गाडीतून दिसायचं नाही. इम्पाला नाक फेंदारून फुस्स करते, वानरं झाडावरून ओरडतात. आपल्याकडे चितळ-वानराची हाक ऐकतो तसंच. अशी हाक आली की इंजिन बंद करून गप्प बस. निदान अर्धा तास. तुझ्या बायकोला, प्राचीला, ते जमेल, तुला जमेल का सांगता येत नाही. बिबट्या शोधायचा तर नदीकाठच्या मोठ्या झाडांवर आडवी फांदी बघायची. अंग पानांत लपतं, लोंबणारी शेपटी लपत नाही. थंडीच्या पहाटे सिंह डांबरावरच आडवे पडलेले सापडतात, कारण डांबर रात्रभर ऊब धरून असतं. आणि दुर्बीण माणशी एक घे. एका दुर्बिणीवरून नवरा-बायकोत जी भांडणं होतात, ती मी डोळ्यांनी बघितलीत.

स्कुकुझाहून लोअर साबीला जाणारा नदीकाठचा रस्ता आणि सातारा नावाच्या मुक्कामाजवळचा एस-100 हा मातीचा रस्ता, हे दोन चुकवू नकोस. लेटाबा मुक्कामी जुन्या मोठ्या हत्तींचे सुळे मांडून ठेवलेत, ते बघून मगच पुढे जा. आपण कोणासमोर गाडी घालणार आहोत, ते कळतं.

खरं सांगायचंय ते हत्तीचं. सिंहाला कार ही एकच वस्तू वाटते, आतला माणूस त्याला वेगळा दिसत नाही. म्हणून कोपरसुद्धा खिडकीबाहेर काढायचं नाही. हत्तीचं तसं नाही. गाडी उलटवायची ताकद त्याच्यात आहे आणि मस्तीत आलेल्या नराला ती वापरायला निमित्त लागत नाही. गाल ओले दिसले म्हणजे मस्ती असं धरू नकोस. आफ्रिकेत हत्तिणींचेही गाल पाझरतात, नुसत्या बावरल्या तरी. नराच्या मागच्या पायांकडे बघ. थेंब थेंब मूत गळतंय, पायांच्या आतल्या बाजूला ओला पट्टा उतरलाय, उग्र वास येतोय, तर तो मस्तीत. मग फोटो नाही, काही नाही. मागे.

माझं काय झालं ते ऐक. मातीचा रस्ता, पुढे वळण, आणि वळणावरून एकटा नर रस्त्याच्या मधोमध चालत आला. घाईत नव्हता. आमच्यात साठ-सत्तर पावलं. आंबा घाटात भरलेला लाल डबा मागे घेतलेला माणूस मी, मला रिव्हर्सची कसली भीती? पण कार ऑटोमॅटिक. रिव्हर्स टाकला आणि डाव्या पायाने सवयीने क्लच दाबायला गेलो, तो पडला ब्रेकवर. गाडी हिसका देऊन थांबली. पुन्हा सोडली, पुन्हा पाय गेलाच. तोवर त्याने कान पसरून डोकं हलवलं, आणि काचेतून मला त्याच्या पापण्यांचे केस दिसायला लागले. सुमीने माझा डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला, तेव्हा कुठे गाडी सरळ मागे गेली. तो आमच्यामागे चालतच राहिला, आणि मनात आलं तेव्हा झुडपात वळला. कान पसरणं ही दमदाटी असते. कान मागे चिकटवून सोंड पोटाशी दुमडली, तर मात्र तो खरंच येतोय.

तेव्हा हत्ती दिसला की आधी आरसा बघायचा. मागे कोणी चिकटून उभा असेल, तर हात करून त्याला लांब थांबव. आई आणि पिल्लू यांच्यामध्ये गाडी घालायची नाही. हॉर्न, हेडलाइट काही नाही. एसटीला कोणी साइड देवो न देवो, हत्तीला द्यायचीच.

बाकी किरकोळ. टाकी अर्ध्यावर आली की मुक्कामाच्या पंपावर भरून घे. ठरलेल्या जागा सोडून कुठेही उतरायचं नाही, त्यामुळे चहा बेताने. मे ते जुलै मुक्कामाची फाटकं साडेपाचला बंद होतात. परतीच्या वाटेवर कळप आडवा येणार हे धरून तासभर आधीच वळायचं. गेंडा दिसला तर कुठे दिसला ते फोनवर टाकत बसू नकोस, शिंगाचे चोर तेही वाचतात. पायी हिंडायची हौस असेल, तर तिथे मात्र गाइडचे पैसे दे. पहाटे बंदूकवाले दोघे रेंजर घेऊन जातात, पण 12 वर्षांखालच्या मुलांना नेत नाहीत. म्हणजे तुमच्या छोट्या ओवीपाशी दोघांपैकी एकाला थांबावं लागेल.

आणि गाडी बुक करताना गियरवाली मागून घे. मिळते तिथे, भाडंही कमी पडतं.