अंगणाची किनार

भिवंडीत कामतघरला आमचं घर. पुढच्या अंगणात १२ वर्षांपूर्वी सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवले. मागच्या पावसाळ्यात आई त्यांवर घसरली. मुक्या मारावर निभावलं. ठेकेदार म्हणाला, "सगळे उखडून नवे टाका." आकडा ऐकला आणि मी स्वतःच घासायला बसलो. चुकत चुकत शिकलो ते हे.

१. शेवाळ दिसतं आषाढात, पण काम काढायचं ऑक्टोबरच्या उन्हात. ब्लॉक आतून सुकलेले नसतील तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. तोवर नुसता खराटा.

२. ब्लॉकांआधी फटी बघा. आजूबाजूला यंत्रमाग, कापसाचे उडते तंतू धुळीत मिसळून फटींत बसतात, ओल धरतात आणि तिथेच शेवाळ, गवत रुजतं. सळईचं टोक वाकवून मी हे सगळं उकरून काढलं. गुडघे दुखले, पण अर्धं काम इथेच झालं.

३. पाण्याच्या जोरावर भुलू नका. मी भाड्यानं प्रेशर मशीन आणलं. ब्लॉक लख्ख झाले, पण फटींतली कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटीही, उडाली. आठवडाभरात स्कूटरखाली ब्लॉक डुगडुगायला लागले. कडक ब्रश आणि धुण्याची पावडर पुरते.

४. ॲसिडला हात लावू नका. सिमेंटमधला चुना ओलीबरोबर वर येतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा पांढरा थर बनतो. त्यावर मी बाथरूमचं ॲसिड ओतलं. डाग गेला, सोबत वरचं सिमेंटही गेलं. खाली खडी उघडी. कोरड्या ब्रशानं घासत राहिलं की हा थर हळूहळू कमी होतो. शेवाळासाठी ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी चालतं. मात्र ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीच नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. खरी दुरुस्ती म्हणजे फटी पुन्हा भरणं. दोन ब्लॉकांमधली फट साधारण २ ते ४ मिलिमीटरची. त्यात वाळू किंवा कच भरलेली असते, म्हणूनच एका ब्लॉकवरचा भार शेजारचे वाटून घेतात. क्रशरची कच बारीक चाळली, गच्चीवर वाळवली आणि झाडूनं तिरकी लोटली. ओली कच फटीच्या तोंडाशीच अडकते. मग ब्लॉकांवर फळी ठेवून हातोडीनं ठोकलं. कच खाली बसली की पुन्हा भरली. असं तीनदा. सिमेंटचा घोळ ओतायचा मोह टाळा. ब्लॉक जरा हलले की तो तडकतो, आणि पाणी मुरायची वाटही बंद होते.

६. एवढं करूनही गेटजवळच्या फटी रुंदावतच होत्या. शेजारचे काका जन्मभर मागांवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. माझी खटपट बघून म्हणाले, "अरे, कापडाची किनार सुटली तर मधलं कापड कशाला धरून राहील?" बघतो तर कडेची सिमेंटची पट्टी फुटलेली आणि ब्लॉक एकेक करून बाहेर सरकत होते. ती पट्टी गवंड्याकडून नव्यानं ओतून घेतली. पैसे मोजून करून घेतलेलं काम एवढंच.

७. रंग परत येत नाही. बऱ्याच ब्लॉकांत तो वरच्या पातळ थरातच असतो. झिजला की संपला. एका कोपऱ्यात हौसेनं ऑइलपेंट मारला, पहिल्याच पावसात पोपडे सुटले. आता करडं ते करडंच.

८. हट्टालाही मर्यादा ठेवा. पिंपळाच्या मुळानं उचललेले चार ब्लॉक काढावेच लागले. मूळ छाटून, खालची कच सारखी करून तेच पुन्हा बसवले.

यंदाच्या पावसात अंगण कोरडं नाही, पण निसरडंही नाही. आई तरी कडेकडेनंच चालते. म्हटलं, "अगं, मधून चाल की आता." तर म्हणते, "राहू दे. पैसे किनारीलाच घातलेस ना?"